मान मिळाला, आता तो पेलायचा कसा?

दरवर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यांच्या अखेरीस पुण्याजवळच्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दीक्षान्त संचलन होते. तीन वर्षांचे खडतर शिक्षण संपवून मुले तेथून बाहेर पडतात. त्यांपैकी जी भूदलाकडे म्हणजे आर्मीकडे जातात, ती आणखी एक वर्ष डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत काढतात आणि मग त्यांच्या खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे लागतात. हे तारे लावण्याचा मान आईवडिलांचा असतो. त्या दिवशी तेथे बंगल्यातून आलेले आईवडील असतात, तसे चाळीतून आणि झोपडपट्टीतून आलेलेही असतात. कारखान्यात हयात घालविलेल्या बापाचे हात त्या वेळी थरथरतात आणि आईला डोळ्यांतल्या पाण्यामुळे तारा नीट दिसत नाही.

आपल्या समाजातील मुलाला हा दिवस दिसला की आपण त्याचा विहारात सत्कार करतो, वस्तीच्या तोंडाशी फलक लावतो, जयभीमचा गजर करतो. हे सारे योग्यच आहे. परंतु सत्काराचा हार सुकल्यानंतर काय? ज्याच्या पणजोबाला गावच्या वेशीत वाकून "जोहार मायबाप" म्हणावे लागत होते, त्याच्या पणतवंडाला आज वीस वर्षे नोकरी झालेला जवान टाच जुळवून सॅल्यूट करतो. एवढा मोठा बदल एका पोराच्या खांद्यावर एका दिवसात येऊन पडतो. तो मान डोक्यात न जाऊ देता कसा पेलायचा, आणि त्या मानाबरोबर येणारी जबाबदारी कशी उचलायची, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या घरात आधी कोणी अधिकारी झालेला नसतो. विचारायला काका नाही, मामा नाही.

पण एका अर्थाने काका-मामा आहेत. आपल्या समाजाला या प्रश्नाचा अनुभव सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्या अनुभवाचे सर्वांत मोठे नाव आहे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील.

सॅल्यूट कुणाला असतो?

आधी नव्या लेफ्टनंटपुढे नेमके काय येते ते समजून घेऊ. लष्करात शिकवितात की सॅल्यूट माणसाला नसतो, तो राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनला असतो. हे वाक्य साधे दिसते, पण सगळे मर्म त्यात आहे. बावीस वर्षांचा अधिकारी पलटणीत दाखल होतो तेव्हा त्याच्या हाताखाली साधारण तीस-पस्तीस जवानांची प्लॅटून येते. त्यातला बहुतेक प्रत्येक जण त्याच्याआधी सैन्यात आलेला असतो. प्लॅटूनमधला नायब सुभेदार किंवा सुभेदार तर जवळजवळ वडिलांच्या वयाचा. तो या पोराला सॅल्यूट करतो, आणि हा अधिकारी त्याला "साहेब" म्हणून हाक मारतो. दोघेही एकमेकांना मान देतात. हुकूम एकाचा, अनुभव दुसऱ्याचा, आणि दोन्ही मिळून पलटण चालते.

अनेक पलटणींत नव्या अधिकाऱ्याला पहिले काही दिवस जवानांबरोबर बराकीत ठेवतात. त्यांच्याच लंगरात जेवायचे, त्यांच्याबरोबर पहाटे धावायचे, संध्याकाळी खेळायचे. प्रत्येकाचे नाव, गाव, घरी कोण कोण आहे, हे त्याला पाठ व्हावे लागते. पुढे जवानाची रजा, त्याचे बूट, त्याचे हत्यार, त्याचे आजारपण, गावाकडचा जमिनीचा तंटा, मुलीच्या शाळेचा दाखला, अशा सगळ्या गोष्टी याच्यापर्यंत येतात. डेहराडूनच्या अकादमीत प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनावर जो बोध कोरला जातो त्याचा अर्थ असा, की देशाची सुरक्षा सर्वांत आधी, जवानांचे हित आणि सोय त्यानंतर, आणि स्वतःची सोय सर्वांत शेवटी. म्हणजे मान पहिला मिळत असला, तरी ताट शेवटी वाढून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत अवश्य सांगितली पाहिजे. अधिकारी जी शपथ घेतो ती भारताच्या संविधानाशी निष्ठा राखण्याची असते. ती ईश्वराच्या नावाने घेता येते, तशी ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञापूर्वकही घेता येते. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्या संविधानाशी हा मुलगा बांधला जातो. त्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांचा खरा अर्थ हाच आहे.

पुणे आणि आपली सैनिकी परंपरा

पुण्याच्या आपल्या माणसांना लष्कर नवे नाही. खडकी, दापोडी, घोरपडी, देहूरोड या भागांतील कितीतरी घरांची चूल दारूगोळ्याच्या कारखान्यांवर, डेपोवर आणि छावणीतल्या कामांवर पेटली. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर भीमेच्या काठी कोरेगावचा विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांतील "नाक" या शब्दाने संपणारी नावे आपल्या पूर्वजांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे मानवंदना द्यायला गेले.

त्या काळच्या मुंबई सैन्यात आपले लोक शिपाई म्हणून शिरले आणि सुभेदार-मेजरपर्यंत चढले. हिंदी माणसाला पलटणीत मिळू शकणारे ते सर्वांत वरचे पद होते. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. त्यांचे वडील आणि सहा चुलते सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार सांगतात. गावात ज्याची सावली चालत नव्हती, तो छावणीत हुकूम देत होता. मग १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने आपली भरती बंद केली. शौर्य कमी पडले म्हणून नव्हे. "लढाऊ जाती" ठरविण्याचे आणि जातवार पलटणी बांधण्याचे धोरण आले, आणि त्यात अस्पृश्य सुभेदाराला जागाच उरली नाही. त्याचा हुकूम स्पृश्य शिपायाने मानायचा की नाही, हा प्रश्न सरकारने सोडविला नाही. सुभेदारच काढून टाकला.

या अन्यायाविरुद्ध पुण्यातूनच आवाज उठला. शिवराम जानबा कांबळे या पुण्याच्या कार्यकर्त्याने १९०८ मध्ये "सोमवंशीय मित्र" हे मासिक काढले, आणि १९१० मध्ये दक्षिणेतील महारांच्या परिषदेतर्फे थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. आमच्या माणसांना सैन्यात आणि पोलिसांत पुन्हा घ्या, अशी त्यात मागणी होती. आज जो मुलगा दोन तारे लावून सुटीवर घरी येतो, त्याने ओळखून असावे की ही वाट एकदा बंद झाली होती, आणि ती उघडण्यासाठी माणसांनी अर्जामागून अर्ज लिहिले आहेत.

सुभेदारांचा मान आणि मसूरचे स्टेशन

रामजी सकपाळ हे शिपायाचे चिरंजीव. वडील मालोजीही लष्करात होते. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले. पुढे ते पलटणीच्या शाळेत शिक्षक झाले आणि चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार-मेजरच्या हुद्द्याला पोहोचले. त्यांची पलटण महूला असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले.

त्यांनी मिळालेल्या अधिकाराचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. लष्करात तेव्हा शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचे होते. छावणीतला हा सुभेदार हातात खडू घेऊन उभा राहिला. हुद्दा वाढला तसे त्याचे शिकविणे वाढले. ते कबीरपंथी होते, दारूला शिवत नव्हते. भरतीबंदी आली तेव्हा ते स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेऊन सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याची खटपट त्यांनी केल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. आपल्याला पेन्शन मिळेल, मग पुढच्यांचे काय ते पुढचे पाहतील, असे ते म्हणाले नाहीत.

निवृत्तीनंतर हे कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. येथे छावणीची वेस संपली. १९०१ मधली ती गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले त्यांना भेटायला निघाली. नवे सदरे, भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरे, असा थाट. भीमराव नऊ वर्षांचे. आगगाडीतून मसूरला उतरली, तर न्यायला कोणी नाही. घरचे पत्र वेळेवर पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. तोंडातून जात निघाली आणि तो मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे मिळत असूनही बसवून न्यायला तयार होईनात. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचे, या अटीवर एक जण तयार झाला. रात्रभर त्या लेकरांना पाण्याचा थेंब मिळाला नाही. जवळ जेवण होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना.

ही मुले सुभेदार-मेजरची होती. ज्याला पलटणीत शेकडो शिपाई सलाम करीत होते, त्याच्या मुलांना मसूर ते गोरेगाव या वाटेवर कोणी पेलाभर पाणी दिले नाही. यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली अशी, की वर्दीचा मान छावणीच्या फाटकापर्यंत भरवशाचा असतो, फाटकाबाहेर तो आपोआप चालत येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हा अपमान पाहून रामजी कडवट झाले नाहीत, आणि आपला हुद्दा सांगत फिरलेही नाहीत. त्यांनी आपली सारी शक्ती मुलाच्या शिक्षणावर लावली.

मुंबईला परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत हा निवृत्त सुभेदार पहाटे दोनला उठून मुलाला अभ्यासाला जागा करी. छावणीत पहारेकऱ्याची बदली करावी, तशी ही शिस्त होती. मुलाला हवे ते पुस्तक घ्यायला पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, गहाण ठेवीत आणि पेन्शन आल्यावर सोडवून देत. शेकडो शिपायांना हुकूम देणाऱ्या माणसाला लेकीच्या दारात दागिना मागताना कमीपणा वाटला नाही. आपला मान कशासाठी खर्च करायचा, हे त्यांना नेमके कळले होते.

लेफ्टनंट भीमराव

आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, पण बाबासाहेब स्वतः थोडे दिवस लेफ्टनंट होते. बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांची नेमणूक संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून झाली होती. सुभेदाराचा मुलगा लेफ्टनंट झाला. पण पंधरवडाच झाला असेल नसेल, तोच वडिलांच्या आजारपणाची तार आली. ते मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

१९१७ मध्ये ते परत बडोद्याला आले. हुद्दा महाराजांच्या लष्करी सचिवाचा. परदेशी विद्यापीठात शिकलेला, साहेबी पोषाखातला अधिकारी. तरी त्यांना शहरात राहायला घर मिळेना, आणि कचेरीतले शिपाई कागद हातात न देता लांबून टेबलावर फेकीत. विचार करा, हुद्द्याने कोणाचे मन धुतले जात असते, तर बाबासाहेबांच्या शिपायाचे मन आधी धुतले गेले असते.

पण ही कथा येथे संपत नाही. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. महारांची पलटण उभारा, हा आग्रह त्यांनी धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या आरंभीच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. १८९२ च्या सुमारास लावलेले दार सुभेदाराच्या मुलाने जवळजवळ पन्नास वर्षांनी उघडले. आज या रेजिमेंटमध्ये देशाच्या सगळ्या भागांतले जवान आहेत. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. आणि पायदळात गेलेला प्रत्येक तरुण अधिकारी आपल्या नोकरीच्या सुरुवातीला शिकायला महूला जातो, कमांडो शिक्षणासाठी बेळगावला जातो. बाबासाहेबांचे जन्मगाव आणि महार बटालियनचे जन्मगाव, ही दोन्ही त्याच्या वाटेवर येतात.

नव्या अधिकाऱ्याने काय सांभाळावे?

पहिली गोष्ट, न येणारे विचारावे. सुभेदार साहेबांना "साहेब, हे मला दाखवा" म्हणण्याने तारा खाली पडत नाही. उलट न विचारता चुकीचा हुकूम दिला की जवान हुकूम पाळतात, पण मनातून अधिकाऱ्याला उतरवितात.

दुसरी गोष्ट, सहायकाची. अधिकाऱ्याच्या मदतीला एक जवान सहायक असतो. तो सैनिक आहे, घरगडी नव्हे. येथे आपल्या मुलाची खरी परीक्षा आहे. ज्याच्या आजोबांनी दुसऱ्यांच्या वाड्यावर राबून शिळे तुकडे खाल्ले, तो आपल्या सहायकाशी कसा बोलतो? त्याला नावाने, आदराने हाक मारतो की हडतहुडूत करतो? आपल्यावर जे झाले ते दुसऱ्यावर करायची संधी मिळणे हा मोठा मोह असतो. बाबासाहेबांच्या माणसाने त्या मोहाला बळी पडू नये.

तिसरी गोष्ट, न्याय. प्लॅटूनमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान असतात. आपल्या समाजाचा जवान असला म्हणून त्याला सवलत नाही, आणि लोक काय म्हणतील या भीतीने त्याला जादा शिक्षाही नाही. दोन्ही अन्यायच. जवानांच्या धर्मस्थळी त्यांचा अधिकारी म्हणून आदराने हजर राहावे लागते. तेथे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मुलगा गोंधळतो. त्याने एवढे जाणावे की आपल्या माणसांच्या श्रद्धेचा आदर करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि आपला धम्म मनात घट्ट असला तर दुसऱ्याच्या आदराने तो ढिला होत नाही.

चौथी गोष्ट, ओळख. मेसमध्ये कोणी आडनाव, गाव विचारले की काही मुले घुटमळतात. लपवू नये आणि मिरवूही नये. विचारले तर सरळ सांगावे, आणि पुन्हा कामाला लागावे. काटाचमचा, कोट, टाय, इंग्रजी गप्पा यांची धास्ती घेऊ नये. या गोष्टी चार संध्याकाळींत शिकता येतात. जे चार संध्याकाळींत शिकता येत नाही ते कष्ट आणि काटकसर, ते हा मुलगा घरूनच शिकून आलेला असतो.

पाचवी गोष्ट, पेला. मेसमध्ये दारू असते, पण ती घेतल्यावाचून अधिकारी होता येत नाही असे मुळीच नाही. सुभेदार रामजी लष्करात राहूनच दारूपासून दूर राहिले. पंचशीलातले पाचवे शील वर्दीवरही पाळता येते. नम्रपणे नकार द्यावा, फळांचा रस घ्यावा, आणि घेणाऱ्याला उपदेश करू नये.

घरच्यांनी काय सांभाळावे?

मुलाला मान मिळाला की तो घरालाही मिळतो, आणि घरालाही तो पेलावा लागतो. आपल्या वस्त्यांत असे घडते, की लेफ्टनंटच्या आईवडिलांकडे दुसऱ्या दिवसापासून माणसे येऊ लागतात. "आता तुमचा पोरगा साहेब झाला, आमच्या पोराला तेवढा भरतीत लावून घ्यायला सांगा." आईवडिलांनी येथे प्रेमाने पण ठाम नाही म्हणावे. भरती वशिल्याने होत नाही, आणि होऊ नये. वशिल्याच्या नावाने पैसे मागणारा दलाल गरिबाला बुडवितो. त्याऐवजी "सुटीवर येईल तेव्हा पोरांना पहाटे पळायला घेऊन जाईल, इंग्रजी शिकवील" असे सांगावे. ते खरे साहाय्य.

लेफ्टनंटचा मूळ पगार महिना ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो. कामगाराच्या घराला हा आकडा मोठा वाटतो, पण त्यावर नजर ठेवून कर्ज काढू नये. जुने देणे फेडावे, धाकट्यांचे शिक्षण पाहावे, विहारातल्या अभ्यासिकेला थोडे द्यावे. मुलाच्या लग्नात "साहेब जावई" म्हणून हुंड्याची भाषा निघाली, तर ती घरातच थांबवावी. ज्या धम्माने आपल्याला माणूस केले, त्या धम्माच्या माणसाने मुलाचा भाव लावू नये.

आणि घरी त्याला मुलगाच राहू द्यावे. आईने त्याला "अहो साहेब" म्हणू नये. जेवल्यावर त्याचे ताट बहिणीने उचलू नये, त्याचे त्याने उचलावे. बाहेर सगळे सॅल्यूट करीत असताना ज्याला घरी कोणी नावाने हाक मारणारे असते, त्याचे पाय जमिनीवर राहतात.

वाट कुठून जाते?

ज्या घरांत अजून ही वेळ आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत असतानाच तिला बसता येते. पुढे पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत असते. तेथे छातीवर क्रमांकाचा बिल्ला लावून सगळी मुले वावरतात. कमिशनला जातीचे आरक्षण नाही. म्हणून तयारी लवकर सुरू झाली पाहिजे, आठवी-नववीपासूनच. गणित, इंग्रजी, वर्तमानपत्राचे वाचन, मैदान, आणि चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय. महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर येथे मुलांची तयारी करून घेते, आणि २०२३ मध्ये मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. प्रबोधिनीतल्या शिक्षणाचा खर्च सरकार करते.

मुलींनो, ही वाट आता तुमचीही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. पुण्यातल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर होता येते, आणि तेथील परिचर्या महाविद्यालयातून लष्करी परिचारिका सेवेत लेफ्टनंट होता येते. परिचारिकेच्या खांद्यावरही तेच दोन तारे असतात, हे पुष्कळ घरांना माहीत नसते.

शिपाई म्हणून भरती झालेल्यालाही दार बंद नाही. सेवेत असतानाच परीक्षा देऊन आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होता येते. हे कॉलेज १९७७ पर्यंत पुण्यातच होते, आता ते डेहराडूनला आहे. शिपाई होऊन अधिकारी झालेल्याला जवानाचे दुखणे सांगावे लागत नाही.

मान आणि गारव

शेवटी आपल्या धम्मातली एक गोष्ट. वैशालीचा सेनापती सिंह हा भगवान बुद्धांचा उपासक होता, हे पालि वाङ्मयात आले आहे. शस्त्र बाळगणाऱ्यालाही धम्म परका नव्हता. मराठीत आपण "मान" म्हणतो तो चांगल्या अर्थाने. पण पालि भाषेत "मान" म्हणजे अहंकार, मी मोठा ही भावना. माणसाला बांधून ठेवणाऱ्या दहा संयोजनांमध्ये त्याची गणना आहे. आदरासाठी पालीत शब्द आहे "गारव". आपल्या घरी प्रत्येक मंगलप्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या मंगलसुत्तात गारव आणि निवात, म्हणजे आदर आणि नम्रता, ही जोडी एकत्र येते. एकाला दुसऱ्यापासून तोडलेले नाही.

तेव्हा मुलगा तारे लावून घरी येईल, त्या दिवशी आईवडिलांनी त्याला एवढेच सांगावे. खांद्यावरचा मान राष्ट्रपतींनी दिला आहे, तो निवृत्तीच्या दिवशी वर्दीबरोबर उतरवून ठेवायचा आहे. पण जवानांच्या मनातला गारव तुला तुझ्या वागण्याने कमवायचा आहे, आणि तो उतरवून ठेवावा लागत नाही. रामजी सुभेदारांची वर्दी उतरून सव्वाशे वर्षे होऊन गेली. त्यांच्या वर्दीवर काय काय होते, हे आज कोणाला सांगता येणार नाही. पहाटे दोनला त्यांनी कोणाला उठविले, हे मात्र साऱ्या जगाला ठाऊक आहे.

जयभीम!